गळ्यातला वॉचमन

"मराठी विभागात या वर्षी लेख कमी आलेत, तू काहीतरी दे," असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा आठवड्यातून चार तासांचा एक विषय होता आणि मी त्यात कशीबशी पास व्हायचे. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं आजही फारसं जमत नाही. पण माझं जे काही मराठी आहे ते वाचून आलेलं नाही, ऐकून आलेलं आहे. आणि ते सगळं आजोबांच्या आवाजातलं आहे.

आजोबा एसटीत कंडक्टर होते. "चला, मागे सरका, पुढे जागा आहे!" हे वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलं आणि रिटायर झाल्यावर घरातही म्हणत राहिले. आज आजोबा आहेत, तो आवाज मात्र नाही. म्हणून हा लेख आवाज जिथून येतो त्या जागेवर. चुकलं तर मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं, शास्त्रात चुकलं तर मात्र माझे कान धरावेत.

आधी झालं ते सांगते

मी बारावीत असताना गणपतीत आजोबांचा आवाज बसला. सगळे म्हणाले, आरतीत ओरडले असतील. मग म्हणाले थंडीने बसला. मग ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळद-दूध झालं. आवाज घोगरा तो घोगराच. मी फोनवर त्यांची नक्कल करायचे आणि तेही हसायचे. विडी त्यांची चालूच होती. फेब्रुवारीत जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा बाबा त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गाठ कॅन्सरची होती, आणि बरीच वाढलेली होती.

ऑपरेशनच्या आधी बाबांनी विचारलं, "डॉक्टर, स्वरयंत्र काढायचं म्हणजे फक्त आवाज जाईल ना?"

डॉक्टर म्हणाले, "आवाज हे त्याचं अगदी शेवटचं काम आहे. बाकीची कामं तुम्हाला नंतर कळतील."

मी इंजिनिअरिंगला आले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मग लायब्ररीत शरीरशास्त्राची पुस्तकं धुंडाळली. त्यातून जे समजलं ते सोप्या शब्दांत तुमच्यासमोर ठेवते.

हे यंत्र आहे तरी कुठे?

गळ्याच्या पुढच्या भागावर बोट ठेवा. जो टणक उंचवटा लागतो ती आपली घाटी, म्हणजेच कंठमणी. त्याच्या मागे स्वरयंत्र असते. ते हाडांचे नसून कूर्चांचे, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारख्या लवचीक पदार्थाचे बनलेले असते. एकूण नऊ कूर्चा: तीन एकेकट्या आणि तीन जोड्या. पुढे ढालीसारखी मोठी कूर्चा, खाली अंगठीच्या आकाराची, आणि वर पानाच्या आकाराची एक झडप, जिला एपिग्लॉटिस म्हणतात. ढालीच्या आतल्या बाजूला दोन मऊ पट्ट्या समोरून मागे गेलेल्या असतात. ते स्वरतंतू. पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रियांत १२ ते १७. म्हणजे आपल्या सबमिशनच्या फाईलच्या स्टेपलर पिनेएवढ्या वस्तूवर लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी उभे होते!

आता घशाचा नकाशा बघा. तोंडातून अन्न येतं, नाकातून हवा येते, दोघं घशात एकाच चौकात भेटतात. तिथून पुढे हवेला समोरच्या श्वासनलिकेत जायचंय आणि अन्नाला मागच्या अन्ननलिकेत. म्हणजे दोन रस्ते एकमेकांना छेद देतात आणि वर फ्लायओव्हर नाही. अशा चौकात पोलीस हवाच. स्वरयंत्र हा तो पोलीस. मला मात्र ते आपल्या हॉस्टेलच्या गेटवरच्या वॉचमनसारखं वाटतं, म्हणून तेच नाव दिलं.

काम पहिलं: गेट सांभाळणे

घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळा. घाटी वर उचलली जाते आणि परत खाली येते. त्या सेकंदाभरात आत बरंच काही घडतं. श्वास थांबतो. स्वरतंतू एकमेकांना चिकटतात. त्यांच्या वर असलेल्या दुसऱ्या दोन घड्याही मिटतात. आणि स्वरयंत्र वर-पुढे सरकत असताना एपिग्लॉटिसचं झाकण मागे कलतं. म्हणजे एकावर एक अशी तीन कुलपं लागतात. घास मागून अन्ननलिकेत उतरला की कुलपं उघडतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे दिवसातून शेकडो वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता "जेवताना बोलू नये" हे आजी का म्हणते ते कळलं? बोलायला गेट हवा सोडत असतं आणि गिळायला ते बंद हवं असतं. वॉचमनला एकाच वेळी दोन ऑर्डर दिल्या की तो गोंधळतो आणि आमटीचा थेंब आत शिरतो. यालाच आपण ठसका म्हणतो.

१९२९ साली व्हिक्टर नेगस या इंग्लिश डॉक्टरांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या स्वरयंत्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांतही पाणी आत जाऊ नये म्हणून श्वासमार्गाच्या तोंडाशी मिटणारं द्वार असतं, हा त्यांच्या विवेचनाचा महत्त्वाचा भाग. मासा काही गात नाही! म्हणजे आधी आला व्हॉल्व्ह, आवाज आला फार नंतर. आपण मात्र नाव ठेवलं स्वरयंत्र. वॉचमन फावल्या वेळात छान गातो म्हणून त्याला गायकच म्हणण्यासारखं हे आहे.

काम दुसरं: चोराला हाकलणे

गेट चुकवून कोणी आत शिरलंच तर खोकला. आधी आपण खोल श्वास घेतो, मग स्वरतंतू घट्ट मिटतात, मग छाती आणि पोटाचे स्नायू आतल्या हवेवर दाब टाकतात, आणि मग गेट एकदम उघडतं. हवा जोरात सुटते आणि चोराला घेऊन जाते. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखंच, फक्त मर्जीने सोडलेली.

उचकीतही याचाच हात असतो. श्वासपटल अचानक आखडतं, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्र झटकन मिटतं. तो "हिक्" आवाज म्हणजे गेट आपटल्याचा आवाज. तेव्हा कोणी आठवण काढली का, याचा शोध घेण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, मेसमध्ये कधीतरी उपयोगी पडेल. घास अडकलेला माणूस जोरात खोकू शकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याची हवा चालू आहे. त्याला खोकू द्या. पण आवाजच फुटत नसेल, खोकताही येत नसेल, तर वेळ घालवू नका. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार तडाखे द्या. नाहीच निघालं तर मागून मिठी मारून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके द्या. घास सुटेपर्यंत आलटून पालटून हेच करत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा.

काम तिसरं: जोर लावायला टेकू देणे

हा प्रयोग रूमवर करून बघा. दोन्ही हातांनी भिंतीला पूर्ण ताकदीने ढकला आणि त्याच वेळी आरामात "आऽऽ" म्हणा. आवाज दबतो किंवा तुटतो. कारण जोर लावताना आपण नकळत स्वरयंत्र मिटतो. आत कोंडलेल्या हवेमुळे छाती फुगवलेल्या टायरसारखी टणक होते आणि हातांना भक्कम आधार मिळतो. पाण्याची बादली तिसऱ्या मजल्यावर नेताना तोंडातून जो "हं" निघतो तो गेट किंचित उघडल्याचा. संडासला जोर करणं, बाळंतपणात कळा देणं, इथेही हेच.

काम चौथं: आवाज

आता येऊ या शेवटच्या कामाकडे. श्वास घेताना स्वरतंतू व्ही आकारात उघडे असतात. बोलायचं असलं की ते जवळ येतात. खालून हवा येते, त्यांना ढकलून बाहेर पडते. पट्ट्या लवचीक असल्याने परत मिटतात. वेगाने जाणाऱ्या हवेमुळे कमी झालेला दाबही त्यांना ओढायला मदत करतो. परत हवा ढकलते, परत मिटतात. फुगवलेल्या फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली की जी किरकिर होते, तीच ही गोष्ट. पुरुषांच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा होतं, स्त्रियांच्या बोलण्यात २०० च्या आसपास, आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेत हजाराच्याही पुढे.

१९५० साली राऊल हुसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदू नसेतून वेगळा आदेश पाठवतो. ते टिकलं नाही. १९५८ मध्ये डच शास्त्रज्ञ फान देन बर्ग यांनी दाखवलं की मेंदू फक्त ताण आणि जागा ठरवतो, कंपन हवा आणि लवचीकपणा मिळून आपोआप करतात. मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमचंच प्रकरण आहे.

पण गळ्यात तयार होते ती नुसती भुणभुण. तिची अक्षरं होतात ती घशात, तोंडात, नाकात. जीभ, ओठ, टाळू त्या पोकळीचा आकार बदलतात आणि त्यामुळे "आ" चा "ई" होतो. आमच्या ई अँड टीसीच्या भाषेत स्वरतंतू म्हणजे सोर्स आणि तोंड म्हणजे फिल्टर. सुरुवातीच्या जीएसएम मोबाईलमध्ये याच कल्पनेवर काम चालायचं. आवाजाची लाट आहे तशी न पाठवता त्या फिल्टरची मापं आणि उरलेला थोडा सिग्नल पाठवायचा. सेकंदाला १०४ किलोबिटचा आवाज त्यामुळे १३ किलोबिटमध्ये बसला.

मराठीच्या व्याकरणातले घोष-अघोष आठवतात? मला शाळेत कधीच कळले नव्हते. घाटीवर हात ठेवून "स्स्स्" म्हणा आणि मग "झरा" मधला "झ" लांबवा. पहिल्यात घाटी शांत, दुसऱ्यात थरथरते. क, ख अघोष. ग, घ घोष. आरसा नाही, कॅमेरा नाही, तरी कंठ उघडा असला की श्वास आणि मिटलेला असला की नाद, हा भेद तैत्तिरीय प्रातिशाख्य या प्राचीन ग्रंथात नोंदवलेला आहे. हे वाचून मी खरंच थक्क झाले.

प्रत्यक्ष बघायला मात्र १८५४ साल उजाडावं लागलं. मॅन्युएल गार्सिया हे गाण्याचे मास्तर. पॅरिसमध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने ऊन आत पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू स्वतः पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. गाण्याच्या मास्तरामुळे डॉक्टरांना एक तपासणी मिळाली.

नसेचा वळसा

स्वरयंत्राच्या वायरिंगमध्ये एक गंमत आहे. डाव्या बाजूला जाणारी नस मेंदूकडून गळ्यात येते, पण थांबत नाही. सरळ छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला खालून वळसा घालते आणि परत वर चढून स्वरयंत्रात पोचते. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जायचं आणि वाटेत सोलापूर करायचं! गर्भात असताना हृदय गळ्याजवळ असतं, नंतर ते खाली सरकताना नसेलाही घेऊन जातं, म्हणून असं होतं. गंमत इतकीच नाही. छातीतल्या आजाराने ही नस दाबली गेली तरी आवाज बसतो. म्हणजे दुखणं एकीकडे आणि बोंब दुसरीकडे.

वॉचमन गेल्यावर

कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ ला केलं. आजोबांचंही तसंच झालं. श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खालच्या भागात बाहेर उघडलं. आता ते तिथूनच श्वास घेतात. नाक आणि तोंड यांचा फुप्फुसाशी संबंध संपला.

मग डॉक्टरांचं वाक्य एकेक करून कळत गेलं. चहावर फुंकर मारता येईना, कारण हवा तोंडात येतच नाही. आजी आता चहा बशीत ओतून देते. नाकातून हवा जात नाही म्हणून फोडणीचा वास कळेना. गव्हाचं पोतं उचलायला गेले तर जोर येईना, कारण छातीत हवा कोंडणारं गेटच नाही. अंघोळीला पाणी गळ्यातल्या भोकात जाऊ नये म्हणून जपावं लागतं, गावच्या विहिरीत उडी तर कायमची बंद. एकच गोष्ट उलटी झाली. त्यांना जेवताना ठसका लागत नाही. दोन्ही रस्ते वेगळे झाले, मग चौकात पोलीस कशाला!

बोलणं बंद असताना ते आजीला हाक कशी मारायचे माहीत आहे? बसमध्ये तिकिटाच्या पंचने दांडीवर टकटक करायचे ना, तसंच एक नाणं घेऊन लोखंडी कॉटच्या दांडीवर टकटक. आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले, आले, डबल बेल देऊ नका."

नंतर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी सिलिकॉनची झडप बसवली. गळ्यातलं भोक अंगठ्याने बंद केलं की श्वास त्या झडपेतून अन्ननलिकेत जातो, तिथली वरची भिंत थरथरते आणि आवाज निघतो. झडप एकाच दिशेने उघडते, म्हणून अन्न उलट येत नाही. साधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत आणली. ती काही महिन्यांनी बदलावी लागते आणि परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. २०१५ च्या सुमारास बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव आणि त्यांचे इंजिनिअर मित्र शशांक महेश यांनी सुमारे ५० रुपयांत होणारी 'ओम' नावाची झडप पुढे आणली. आपला फायनल इयर प्रोजेक्ट निवडताना ही गोष्ट जरूर आठवा.

तीन आठवडे

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. स्वरतंतूवर अगदी छोटी गाठ आली तरी कंपन बिघडतं आणि आवाज बदलतो. इतर अवयव इतक्या लवकर तक्रार करत नाहीत, हा करतो. म्हणूनच इथला कॅन्सर लवकर सापडला तर रेडिएशनने किंवा लेझरने बरा होऊन आवाजही बहुतेक वेळा वाचतो. आजोबांचा वॉचमन गणपतीपासून शिट्टी मारत होता. आम्ही त्याला खडीसाखर देत बसलो.

खरं तर आपण गिळलेलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ज्येष्ठमध, मध, आल्याचा चहा, सगळं मागच्या रस्त्याने जातं. घशाला बरं वाटतं, एवढंच. मध खरोखर स्वरतंतूवर पडला तर ठसका लागेल!

गेल्या सेमिस्टरला आमच्या मेसच्या मावशींचा आवाज बसला. "गरम पोळीऽऽ" ही हाक दोन महिने फाटक्या स्पीकरसारखी येत होती. मावशींना मिशरीची सवय. मी म्हटलं, "मावशी, डॉक्टरांना दाखवू या." त्या म्हणाल्या, "अगं पोरी, ओरडून ओरडून बसलाय, काय होतंय त्याला." हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. रूममेटला बरोबर घेतलं आणि रविवारचं जेवण झाल्यावर पुढच्या सोमवारी सकाळी त्यांना घेऊनच गेले. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोटे उंचवटे. हाताला घट्टे पडतात तसे घट्टे. कॅन्सर नव्हता. माझे पाय तेव्हा कुठे जमिनीला लागले. ओरडणं बंद, मिशरी बंद, आणि आवाज कसा लावायचा याचे थोडे व्यायाम. आता आमच्या मेसमध्ये पोळी आली की मावशी ताटावर उलथनं वाजवतात. आवाज कशाचा आहे हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांना आता कळेल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा:

१) सर्दी किंवा गॅदरिंगमुळे बसलेला आवाज सहसा दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांच्या वर गेला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. धाप, गिळताना त्रास, गळ्यात गाठ किंवा थुंकीत रक्त असेल तर तीन आठवडेही थांबू नका.

२) आवाज बसल्यावर बोलणं कमी करा. ताण देऊन कुजबुजणं ही विश्रांती नव्हे.

३) पाणी भरपूर प्या. ते स्वरतंतूंवर पडत नाही, पण शरीरात पाणी असलं की तेही ओले राहतात.

४) टपरीवरची सिगारेट. स्वरयंत्राच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण धूर आहे, आणि जोडीला दारू असली की धोका आणखी वाढतो. उपदेश वाटला तर वाटू दे.

आजोबांना फोनवर हा लेख वाचून दाखवला. माझे उच्चार ऐकून ते हसले असावेत, कारण त्यांचं हसणं आता ऐकू येत नाही. मग थोडा वेळ गेला, अंगठा जागेवर बसला आणि जाडसर, खरखरीत आवाजात त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, "पंच नाही, पंचिंग म्हणायचो आम्ही." मी "पंच" च ठेवलंय. त्यावर भांडायला त्यांना परत फोन करावा लागेल, म्हणून.